ह्वाल बेउम्निदा: धनुष्यवाल्यांच्या कोरियात पाच दिवस

माझं माहेर मेहकरचं. तिथला शारंगधर बालाजी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. लहानपणी देवळात गुरुजींना विचारलं होतं, "शारंग म्हणजे काय हो?" म्हणाले, "विष्णूचं धनुष्य." "ते कशाचं असतं?" "देवाचं असतं गं बाई, कशाचं म्हणजे काय!" पुढे आठवीत संस्कृतच्या बाईंनी उलगडा केला. शृंग म्हणजे शिंग, म्हणून शार्ङ्ग म्हणजे शिंगाचं. झालं, तेव्हापासून डोक्यात भुंगा. म्हशीचं शिंग आम्ही रोज बघायचो. ते कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं, ते लागलं की आपणच वाकतो. मग त्याचं धनुष्य होणार कसं?

पुढे मी भौतिकशास्त्र शिकवायला लागले, लेक शाळेत असताना तीन वर्षं तिरंदाजी शिकली, तिच्या सामानाच्या किमती बघून माझे डोळे पांढरे झाले, पण शिंगाच्या धनुष्याचं उत्तर काही मिळालं नाही. मग भाचा नोकरीनिमित्त कोरियात सुवॉनला गेला आणि कळलं की तिथे अशी धनुष्यं अजून करतात आणि रोज वापरतात. दिवाळीची सुट्टी, थोडी शिल्लक, व्हिसा वेळेत. निघाले. बॅगेत निम्मा फराळ.

पहिला दिवस, रविवार: सुवॉन

भाच्याने स्वागतालाच सांगून टाकलं, "मावशी, लोक इथे येऊन समुद्र बघतात, राजवाडे बघतात. तू काय शिंगं बघायला आलीस?" तरी बिचाऱ्याने पुढचे चार दिवस रजा काढली होती.

सुवॉनचा ह्वासंग किल्ला गावाच्या मधोमध आहे. राजा जंगजो याने तो 1794 ते 1796 या काळात बांधून घेतला. तटबंदी साडेपाच किलोमीटरच्या वर. आपल्या गडांची सवय असलेल्या माणसाला चढ किरकोळ वाटतो, पण एक गोष्ट मनात भरली: तटावरून लोक ऑफिसला जाताना दिसतात. किल्ला रस्त्यासारखा वापरात आहे.

तटाच्या पूर्वेला यनमुदे नावाचं जुनं कवायतीचं मैदान आहे. तिथे पर्यटकांना दहा बाण मारू देतात. धनुष्य फायबरचं, लहान मुलांनाही झेपेल असं. माझे दोन बाण लागले, एक शेजारच्या लक्ष्याला. भाच्याचा एकही नाही. तिथल्या शिक्षिकेने सांगितलं की जंगजो राजा स्वतः पट्टीचा तिरंदाज होता, पन्नासपैकी एकोणपन्नास बाण मारायचा आणि पन्नासावा मुद्दाम सोडून द्यायचा, पूर्णत्वाचा गर्व नको म्हणून. "मीही तसंच केलं," भाचा म्हणाला, "फक्त दहाही सोडले."

जाणाऱ्यांसाठी: आपल्या नेहमीच्या नकाशावर इथे चालायचा रस्ता नीट दिसत नाही. कोरियन नकाशाचं ॲप आधीच घालून ठेवा. मेट्रो-बससाठी टी-मनी कार्ड किराणा दुकानातही मिळतं.

दुसरा दिवस, सोमवार: बंद दार

सकाळी दीड तास मेट्रो बदलत बदलत बुचॉनच्या स्टेडियमपाशी पोचलो. तिथेच धनुष्य संग्रहालय आहे, सगळ्या प्रवासाचं मुख्य कारण. दार बंद. सोमवार! कोरियातली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे मी स्वतःच्या वहीत लिहून आणलं होतं. वही भाच्याच्या घरी. शाळेत पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून ओरडणारी बाई ती हीच.

स्टेडियमसमोर गिंको झाडांची पिवळीधमक रांग होती. फोटोत फार सुंदर दिसते. फोटोत वास येत नाही हे बरं. खाली पडलेल्या फळांवर पाय पडला की नासक्या लोण्यासारखी दुर्गंधी सुटते आणि ती दिवसभर बुटाला चिकटून राहते.

मग तिथूनच सोलला गेलो, इनवांग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ह्वांगहाकजंग या धनुर्विद्येच्या मैदानावर. नावाचा अर्थ पिवळ्या क्रौंचाचा मंडप. सम्राट गोजोंगने 19 व्या शतकाच्या अखेरीस तो ग्यंगहुई राजवाड्यात बांधला आणि 1922 मध्ये तो आजच्या जागी हलवला गेला. साजिक बागेच्या वरच्या अंगाला चढत गेलं की एकदम पुढ्यात येतो. लाकडी मंडप, त्याच्यासमोर खोलगट दरी आणि दरीपलीकडे तीन फळ्या.

त्या फळ्या बघून मी भाच्याला म्हटलं, "एवढ्या लांब? काहीतरी चुकतंय." चुकत नव्हतं. अंतर 145 मीटर. ऑलिंपिकमध्ये 70 मीटर असतं, त्याच्या दुप्पट. फळी दोन मीटर रुंद, पावणेतीन मीटरच्या आसपास उंच, जराशी मागे कललेली. तिच्यावर गुणांची वर्तुळं नाहीत. फळीला कुठेही लागला तर लागला, नाही तर नाही. माझ्या लेकीला हे कळलं तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, हे फारच सोपं आहे की." पाच मिनिटांनी पुन्हा फोन, "145? नेम धरायची खूणही नसलेल्या धनुष्याने? बरं, नाही सोपं."

मंडपात सात-आठ जण होते. पायजम्यातले एक आजोबा, ऑफिसच्या कपड्यातली एक बाई, कॉलेजचा एक पोरगा. एकेकाने पाच बाण कमरेला खोचायचे, रांगेत उभं राहायचं. कोणी बोलत नाही, सराव करताना गप्प राहायचं हा नियमच आहे. पण पहिला बाण सोडण्याआधी प्रत्येक जण काहीतरी पुटपुटत होता आणि बाकीचे त्याला उत्तर देत होते. मला वाटलं, प्रार्थना असेल. भाच्याने कान देऊन ऐकलं.

"म्हणतायत, ह्वाल बेउम्निदा. धनुष्य शिकतोय."

"आणि बाकीचे?"

"मानी माचुसेयो. भरपूर लागू देत."

त्या आजोबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं असणार. चाळीस वर्षं तरी बाण मारत असतील. तेही म्हणाले, शिकतोय. त्यांचे पाचांतले चार लागले. फळीला बाण लागला की ठक्क आवाज जरा उशिराने येतो, डोळ्यांना दिसल्यानंतर. आवाजाच्या वेगाचं गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवते. इथे ते कानांनी सोडवलं.

तिसरा दिवस, मंगळवार: बुचॉन, पुन्हा

या वेळी दार उघडं.

संग्रहालय छोटं आहे. घाईत असलेला माणूस अर्ध्या तासात बाहेर पडेल. मी तीन तास होते, भाचा दुसऱ्या तासाला बाहेर कॉफी प्यायला गेला. हे संग्रहालय 2004 मध्ये उभं राहिलं ते किम जांग-ह्वान या धनुष्य करणाऱ्या कारागिराच्या मागे उरलेल्या वस्तूंवर. 1971 मध्ये कोरियाच्या सरकारने धनुष्य-बाण करण्याच्या कलेला राष्ट्रीय वारसा म्हणून 47 वा क्रमांक दिला, तेव्हा ती कला हातात असलेल्या मोजक्या लोकांत ते होते. पुढे येचॉनहून आलेले किम पाक-यंग त्यांच्याकडे शिकले आणि 1996 मध्ये त्यांनाही तोच मान मिळाला. म्हणजे बुचॉनची ही विद्या एका येचॉनकराच्या हातून पुढे गेली. आपल्याकडे घराण्याच्या चिजा पेटीत बंद करून गेलेल्या बुवांच्या गोष्टी कमी नाहीत, म्हणून मला हे विशेष वाटलं.

आणि इथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

या धनुष्याला म्हणतात गाकगुंग, शब्दशः शिंगधनुष्य. शार्ङ्गच की! पण ते नुसतं शिंगाचं नसतं. मधला गाभा बांबूचा. दोन्ही टोकं तुतीच्या लाकडाची. मूठ ओकची. तिरंदाजाच्या बाजूला, म्हणजे पोटाला, म्हशीच्या शिंगाची पातळ लांब पट्टी. पाठीला बैलाच्या स्नायूच्या दोऱ्या, कापसासारख्या पिंजून, सरसात भिजवून थरावर थर बसवलेल्या. धनुष्य ओढलं की पोटावर दाब येतो आणि पाठीवर ताण. शिंग दाब सोसण्यात पटाईत, स्नायू ताण सोसण्यात. गाभ्याने फक्त दोघांना धरून ठेवायचं. मी पंचवीस वर्षं वाकलेल्या पट्टीचं चित्र काढून "इथे दाब, इथे ताण, मध्ये काही नाही" शिकवते आहे. कुणीतरी ते वाचून धनुष्य केल्यासारखं वाटत होतं, फक्त करणारे माझ्या पुस्तकाच्या कित्येक शतकं आधीचे.

सरस माशाचा. मिनअ नावाच्या माशाच्या हवेच्या पिशवीपासून शिजवतात. हा मासा आपल्या घोळीच्या जातकुळीतला. पालघर-डहाणूकडे घोळीची भोत सोन्याच्या भावाने जाते, तीच चीज. आणि सगळं झाल्यावर ओल आत जाऊ नये म्हणून वरून गुंडाळतात ती बर्चची साल, म्हणजे आपलं भूर्जपत्र. भूर्जपत्रावर पोथ्या लिहितात एवढंच मला ठाऊक होतं.

दोरी उतरवली की हे धनुष्य उलट्या दिशेला वळून जवळजवळ गोल होतं, पैसा किड्याला हात लावल्यासारखं. काचेच्या पेटीत ते असं वेटोळं घालून बसलेलं बघितलं आणि लक्षात आलं, चढवायचं म्हणजे याला पूर्ण उलटं फिरवायचं. चुकीच्या हातात पडलं तर पिळवटून उलटतं आणि मोडतं.

एक गोष्ट वाचून हसू आलं. कोरियातल्या बैलांची शिंगं आखूड, पूर्ण पट्टी एका तुकड्यात निघत नाही. म्हणून म्हशीचं शिंग चीनमार्गे आणायचे आणि मिंग दरबार त्यावर निर्बंध घालायचा. शेवटी 15 व्या शतकात सेजो राजाच्या काळात र्‍यूक्यू बेटांवरून (आजच्या जपानच्या दक्षिणेकडची) जिवंत म्हशीच मागवल्या. एका राज्याच्या संरक्षणाचा प्रश्न म्हशीपाशी अडला होता, हे आमच्या मेहकरच्या गवळ्यांना सांगायला हवं.

काम थंडीतच चालतं. सरस दमट हवेत वाळत नाही, उन्हाळ्यात मऊ पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात, वसंताच्या तोंडाशी शेवट. एक धनुष्य एका माणसाच्या हातून शेकडो वेळा जातं.

चौथा दिवस, बुधवार: येचॉनकडे

बुचॉनच्या विद्येचा धागा येचॉनला निघतो म्हटल्यावर तिकडे न जाणं शक्य नव्हतं. सोलच्या पूर्वेकडच्या बसस्थानकावरून अडीच तास. बस वेळेवर, आसनं आपल्या शिवनेरीपेक्षा ऐसपैस. येचॉन म्हणजे ग्योंगसांग प्रांताच्या उत्तरेचं शेतकरी गाव: सफरचंदं, मिरच्या, तांदूळ. पण तिरंदाजीत याचं नाव मोठं. 1979 च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णपदकं जिंकणारी किम जिन-हो इथलीच. तिच्या नावाचं आंतरराष्ट्रीय मैदानच इथे आहे. बर्लिन म्हटलं की मला मात्र 2023 आठवतं, आपली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिथेच जगज्जेते झाले. हे मी मैदानाच्या रखवालदाराला भाच्याकरवी आवर्जून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "कंपाउंडमध्ये ना?" (म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात.) माणूस हुशार होता.

दुपारी शेजारच्या योंगगुंग गावात गेलो. नावाचा अर्थ नागराजाचा महाल. तिथलं प्रसिद्ध खाणं म्हणजे रक्त आणि शेवया भरलेली आतडी. भाच्याने खाल्ली, मी समोर बसून शंकरपाळे. मग चिमुकल्या रेल्वे स्टेशनात गेलो तर तिथे एक बेकरी, पाटी "सशाच्या काळजाचा पाव"! आत फक्त गोड सारण होतं, पण नावामागची गोष्ट ऐका: समुद्राच्या राजाला आजार होतो, औषध सशाचं काळीज. कासव सशाला फसवून पाठीवरून नेतं. ससा म्हणतो, अरे, काळीज तर मी घरीच ठेवून आलोय!

माकड, मगर आणि जांभळाचं झाड. ही आपलीच गोष्ट, बौद्ध कथांबरोबर चीनमार्गे इथवर आलेली. वाटेत माकडाचा ससा आणि मगरीचं कासव झालं. काळीज तेवढं घरीच राहिलं. मी सहा पाव घेतले.

संध्याकाळी ह्वेर्‍योंगपोला. नदी एका वस्तीला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, वरच्या टेकडीवरून बघितलं तर दोरी चढवलेल्या धनुष्यासारखी दिसते. (या प्रवासात मला सगळंच धनुष्यासारखं दिसत होतं हे मान्य.) खाली भोकाभोकांच्या लोखंडी पत्र्यांचा अरुंद पूल आहे, चालताना तो दबतो. थंडी एकदम पडली. मुक्काम एका घरगुती खोलीत, जमिनीखालून ऊब देणारी. गादी जमिनीवरच. पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी या जमिनीवर एक रात्र काढावीच.

शाकाहारींसाठी: "गोगी पेजुसेयो" म्हणजे मांस काढून द्या. पण रश्शात सुके मासे असतातच, आणि किमचीतही बहुधा. फार काटेकोर असाल तर भात, भाजलेला समुद्री पाला, टोफू आणि स्वतःचं मेतकूट. येचॉनला गावातल्या बस तासातासाने, कधी दोन तासांनी. टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

पाचवा दिवस, गुरुवार: मैदान, आजोबा आणि भिंत

सकाळी गावातल्या पारंपरिक मैदानावर गेलो. ओळखपाळख काही नाही. दारात उभं राहून वाकून नमस्कार केला आणि फराळाचा डबा पुढे केला. डब्याने काम केलं.

एक आजोबा पुढे आले. वय 78, पूर्वी बसचालक. त्यांना सगळे "जपजांग" म्हणत होते. पाचही बाण पहिल्यांदा एका फेरीत लागले की हा मान मिळतो आणि मग आयुष्यभर राहतो. त्यांनी चकली उलटसुलट करून बघितली, खाल्ली, दुसरी घेतली. मग विचारलं, धनुष्य बघायचंय का?

मंडपाच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. दार उघडल्यावर गरम हवेचा झोत आला, अगदी आपल्या पापड वाळवायच्या कपाटासारखा. आत खण, खणाखणात वेटोळी घातलेली गाकगुंग. ओल लागली तर सरस सुटतो, म्हणून ती अशी ऊबेत ठेवतात. आजोबांनी आपलं काढलं. थंड हवेत जरा बसू दिलं, मांडीवर घेतलं, पायाने दाबत, गुडघ्याने वळवत, एका डोळ्याने रेषा बघत दोरी चढवली. मग मिनिटभर नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. डावी पाती किंचित जड वाटली, तळव्याने चोळून ऊब दिली, पुन्हा पाहिलं. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.

"कार्बनचं धनुष्य कपाटावर टाकून वर्षभराने घेतलं तरी चालतं," ते म्हणाले. "हे नाही चालत. याला रोज विचारावं लागतं."

बहुतेक जण आता कार्बनची धनुष्यंच वापरतात, स्वस्त आणि विनातक्रार. पण पाचवी श्रेणी किंवा तिच्या पुढची मिळवायची तर शिंगाचं धनुष्य आणि बांबूचे बाण लागतात.

मग त्यांनी धनुष्याचं टोक दाखवलं. तिथे बारीक शाईने करणाऱ्याची खूण होती. हा त्यांच्याच भागातला कारागीर, काही वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आजोबाच म्हणाले, त्याला आवडलं नसतं आणि त्याच्या बायकोला तर मुळीच नाही.

त्याची गोष्ट त्यांनी आम्हाला दुपारी सांगितली, सामगांगच्या गुत्त्यावर. आपल्या छोट्या ट्रकमधून तेच घेऊन गेले. तीन नद्यांच्या संगमावर, नावाड्यांसाठी आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी 1900 च्या सुमाराला हे घर बांधलं. शेवटची मालकीण यू ओक-यन 2005 मध्ये वारली. तिला लिहिता येत नव्हतं. उधारी ती स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीवर कोरायची: उभी रेघ, पेला लहान तर आखूड, जास्त असेल तर लांब. पैसे आले की त्यावर आडवी रेघ. भिंत अजून आहे. कितीतरी उभ्या रेघांवर आडवी रेघ नाही.

आजोबा त्या भिंतीसमोर उभे राहून हसले. "ही निदान रेघ तरी मारायची. आमच्या माणसाने तेवढंही केलं नाही."

कोबीच्या पानाचं धिरडं, ओकच्या फळाची थुलथुलीत वडी आणि तांदळाची पांढरी दारू, माकग्यल्ली. मी माकग्यल्लीचा एक घोट घेतला. ताकात कुणी सोडा घातल्यासारखा.

तर तो कारागीर. नवा कुणी शिकायला आला की त्याला धनुष्य द्यायचा आणि म्हणायचा, एक हंगाम ओढ. जमलं तर पैसे दे, नाही जमलं तर धनुष्य परत दे. आजोबांना 1980 च्या दशकात असंच मिळालं. पगार तुटपुंजा, दोन पोरं. "मी पैसे तिसऱ्या वर्षी दिले," ते म्हणाले. "काहींनी दहाव्या. काहींनी ना पैसे दिले, ना धनुष्य." शिवाय कुणाचंही धनुष्य बिघडलं, अगदी दुसऱ्याने केलेलं असलं तरी, हा रात्री शेगडीपाशी बसून सरळ करून द्यायचा. त्याचे पैसे नाहीत. शिकायला बसणाऱ्यांना साचा, सरसाचं प्रमाण, सगळं उघडं. बायको वैतागायची. तिच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते. माशाचा सरस काय फुकट येतो?

तो गेला तेव्हा मैदानावरचे लोक पाकिटं घेऊन तिच्याकडे गेले. वही नव्हती. ज्याने जेवढे बाकी म्हटले तेवढे. "तिने घेतले?" मी विचारलं.

"घेतले. आमच्यासमोर मोजून घेतले," आजोबा म्हणाले. "तिचे होतेच ते. तीस वर्षांचे."

जे आले नाहीत त्यांची मग उरलेल्यांना लाज वाटली. तेव्हापासून या मैदानावर एक बोली आहे: त्याच्या हातचं धनुष्य विकायचं नाही. खांदा गेला, हात थरथरायला लागले, की ते कपाटात ठेवायचं आणि पुढच्याने न्यायचं, त्याच अटीवर. अशी चौदा होती. दोन मोडली.

आजोबांनी मग मला विचारलं, भारतात म्हशी पुष्कळ असतील ना? म्हटलं, पुष्कळच. "मग एवढ्या शिंगांचं करता काय?" मी आठवून आठवून सांगितलं: फण्या, मुठी, बटणं.

"बटणं," ते म्हणाले. पेला खाली ठेवला. पुढे काही बोलले नाहीत, आणि मला उगाच सगळ्या देशाच्या वतीने ओशाळल्यासारखं झालं.

परत मैदानावर आलो. नवशिक्याला लगेच दरीपलीकडे बाण सोडू देत नाहीत. खांबाला दोरीने बांधलेला बाण असतो, तो मारायचा, तो जाऊन परत येतो. दोरी अंगठ्याने ओढायची, अंगठ्यात शिंगाची कडी. लेकीला शिकवलेलं सगळं उलटं: बाण धनुष्याच्या उजवीकडून आणि ओढ हनुवटीपाशी न थांबता कानामागे. कार्बनचं हलकं धनुष्य हातात दिलं होतं, तरी खांदा कुरकुरला. भाच्याने ढोसलं, "म्हण ना."

"ह्वाल बेउम्निदा," मी म्हटलं.

मंडपातल्या सगळ्यांनी, अगदी फोनवर बोलत असलेल्यानेही, उत्तर दिलं. माझा बाण पाच हात गेला आणि दोरीला लटकला.

निघताना आजोबांनी धनुष्याची दोरी उतरवली, ते वळून गोल झालं, कपाटात गेलं. माझं लक्ष दोन रिकाम्या खणांकडे होतं. म्हटलं, मोडली ती यातलीच का? म्हणाले, नाही, त्यांचे खण काढून टाकले. या दोन खणांतली धनुष्यं पोरांकडे आहेत, एक सैन्यातून सुट्टीवर आलाय, एक बँकेत आहे, संध्याकाळी येईल.

मग भाच्याकडे वळून त्यांनी कोरियनमध्ये बरंच काही सांगितलं. बसमध्ये विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, सुवॉनचं मैदान कुठे आहे ते सांगत होते."

परवा त्याचा फोन आला होता. चकलीची कृती पाठव म्हणाला, येचॉनला न्यायचीय. उजवा हात वर होत नाही म्हणून फोन डाव्या हाताने धरला होता.